धरून की सोडून

उपासनेच्या नोंदवहीत रकाने चारच:
तारीख, पाळक, हजेरी, शेरा.
शेऱ्यात मी बहुतेक हवामान लिहीत आले.
बर्फ.
बर्फ आणि वारा.
बर्फ; बॉयलर बंद; द्राक्षारस गोठला.
सुपीरियर सरोवराच्या या काठावर
शेऱ्याला फारसा वाव नसतो.

आज शेवटचा रविवार.
पुढच्या आठवड्यात बिशप येऊन देवळाची किल्ली नेतील.
खाली तळघरात कॉफीच्या टाकीभोवती सगळे एकदमच बोलायला लागले
आणि लव्हडी ट्रेंबाथ मला म्हणाली,
"पेन आहे ना हातात? मग लिही की हे."

लिहू काय काय?
गुरुवारी पहाटे चारला इथेच लाटलेल्या पेस्ट्या,
ज्यांनी छपराची उत्तरेकडची बाजू बांधली.
आत सलगम की गाजर, यावरून
कॉर्निश आणि फिनिश घरांत इतकी जुंपायची
की त्यापेक्षा तांब्याच्या खाणीतला संप परवडला.
एका नाताळात मंडळीत तान्हं मूलच नव्हतं.
गव्हाणीत आम्ही दुपट्यात गुंडाळून सलगम ठेवला.
"तिथेही सलगमच," टॉइव्हो कांगास अजून म्हणतो.

वटवाघूळ कोणत्या साली आलं यावर एकमत नाही.
ते वेदीवरून तीनदा फिरलं,
ऑर्गन वाजवता वाजवता एस्मे ऊरेननं टोपी घातली
आणि एकही सूर चुकवला नाही,
यावर आहे.

मग कुणीतरी विल्मटचा विषय काढला.
सत्याहत्तर साल. पहिल्यांदाच बाई पाळक,
रेव्हरंड कॉर्डेलिया वॉस.
विल्मट पास्को पहिल्याच प्रार्थनेला उठला,
बायकोला बाकावर तशीच ठेवून बाहेर गेला
आणि ट्रकमध्ये जाऊन बसला, इंजिन चालू ठेवून.
पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही.
उपासना संपली की बाई झग्यावरच कोट चढवून
कपभर कॉफी त्याच्या काचेशी नेत.
बोलत काही नसत. रिकामा कप घेऊन परत येत.
बाराव्या रविवारी तो आत आला, शेवटच्या बाकावर.
"हीटर बिघडला होता,"
मरेपर्यंत तो एवढंच सांगत राहिला.

मी वर जाऊन जुनी वही काढून आणली.
माझ्या आधी ती हेन्ना नॅन्कारोकडे होती.
अकराही रविवार तिनं बारीक अक्षरात लिहिलंय:
हजेरी ४१, आणि बाहेर एक.

हे वाचल्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही.
एस्मेच्या जोरीचं नावही निघालं नाही,
मार्चमधल्या कच्च्या बर्फाचं, स्नोमोबाइलचं,
तीन दिवस या तळघरात पेटत ठेवलेल्या दिव्यांचं.
फक्त कुणीतरी तिच्या कपात
न विचारता साखरेची दुसरी वडी टाकली.
ती दोन घेते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कप विसळले. टाकी कुणी न्यायची
यावर थोडं भांडण झालं, ते बरंच झालं.
मी शेवटची ओळ लिहायला बसले,
मान वर करून मोजले: सतरा.
आइली मागे येऊन उभी, हातात ओलं फडकं.
"तुला धरून की सोडून?"

सोडून.
तेवीस वर्षं सोडून.
मोजणाऱ्यानं स्वतःला मोजायचं असतं
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही
कधी विचारलं नाही.
म्हणजे सगळे रविवार एकेकानं कमी,
ईस्टरसुद्धा, आणि तो हिमवादळातला रविवारही,
ज्या दिवशी पाळक आणि मी एवढेच होतो
आणि मी लिहून ठेवलं: हजेरी १.

आइली खळखळून हसली.
"आता काय, मागचं सगळं खोडत बसणार?"

नाही खोडलं.
सताराचे अठरा केले, सात गिरवून आठ,
जरा वेडावाकडाच झाला.
शेऱ्याच्या रकान्यापाशी मात्र थांबले.
खिडकीबाहेर सरोवर लख्ख, ऑक्टोबर,
पार्किंगमध्ये कुणाचा तरी ट्रक, इंजिन चालू.
मी लिहिलं:
बर्फ नाही.