निरुपद्रवी

अंबडमध्ये रात्रपाळीचा भोंगा झाला
की सर्व्हर रूममधला एसी जरा मोठ्याने बोलतो.
बाहेर डिसेंबर, आत त्याहून गार.
स्वेटरच्या बाह्या ओढून मी माझ्याच पत्त्यावर
एक विषाणू पाठवला.

खोटा. अडुसष्ट अक्षरांची एक ओळ,
कुणाचं काही बिघडवत नाही,
पहारेकरी जागा आहे का, एवढंच विचारते.

चार सेकंदांत आला.
अंगावर ओरखडा नाही,
खाली आमचीच हिरवी ओळ:
ही मेल तपासली आहे. धोका आढळला नाही.

लॉग उघडला. सतरा नोव्हेंबरपासून एकच पाढा:
फाइल उघडता आली नाही, परवानगी नाही.
फाइल उघडता आली नाही, परवानगी नाही.
आणि उघडता आली नाही, तर जाऊ दे.

हा नियम कुणाचा?
मीच लिहिलेला, गेल्या वर्षी.
परचेसच्या बोरस्तेबाई तेव्हा तासातासाला फोन करायच्या,
ड्रॉइंग अडकलंय, कोटेशन अडकलंय, पार्टी ओरडतेय.
म्हटलं, तात्पुरतं.

तेवीस दिवस.
सातपूरच्या फाउंड्रीची बिलं, पुण्याचे नकाशे,
खैरनारांच्या मुलीची लग्नपत्रिका,
सगळ्यांच्या कपाळी तोच हिरवा टिळा
आणि पिशवी एकाचीही उघडलेली नाही.

दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीची.
अपडेटने स्कॅनरला ग्रुपमधून काढलं होतं,
तो बिचारा दाराबाहेर उभा राहून
आतल्यांना पास वाटत होता.
त्याला परत आत घेतलं. 'जाऊ दे' खोडलं.
सेवा बंद, सेवा चालू,
सह्या मेमरीत चढेपर्यंत चहावर साय.

पुन्हा पाठवला.
आला नाही.
न येणाऱ्या मेलची इतकी वाट
मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मग मागचं सगळं तपासायला लावलं.
पहाटे चारला एक सापडलं,
'थकबाकी' नावाच्या फाइलीत.
कुणी उघडली होती का, ते
नऊ वाजता विचारावं लागेल, एकेकाला,
आवाज साधा ठेवून.

सहाला सुटलो. गेटवर घुगेमामांनी
रोजच्यासारखी पिशवीला काठी टेकवली.
जा साहेब.
मी हललो नाही.
म्हटलं, मामा, उघडून बघा ना.

त्यांनी डब्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
काय झालं साहेब?
घरी सगळं बरंय ना?