चार सेकंद आधी

उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथवर गेली.
दहा मायक्रॉन इकडंतिकडं झालं की जॉब भंगारात,
हे बोटांना अजून आठवतं.
गच्चीवर अंधारात
स्टॉपवॉचच्या बटणावर अंगठा ठेवला
की कानात चक फिरायला लागतो.

आज सात एकेचाळीस.
कारखान्यांचा हंगाम संपलाय,
मळीचा वास नाही, पश्चिम बऱ्यापैकी स्वच्छ.
पन्हाळ्याच्या अंगानं येईल,
स्वाती आणि चित्रा, दोघींच्या मधून जाईल.
गवंड्यानं दोरी ताणावी
तशी मी त्या दोघींत एक रेघ ताणून धरतो.
रेघ ओलांडली की बटण.
एवढंच काम.

येतं ते रॉकेटचं रिकामं नळकांडं.
माल पोचवून वरच राहिलेलं,
कोलांट्या खात
दर साडेनऊ सेकंदांनी एकदा लखलखणारं.
पहिल्या वहीत हा आकडा सात आहे.
थकतंय, मी म्हणतो.
दस्तगीर म्हणतो, थकत न्हाई, मुरतंय.

दस्तगीर मुल्लाणी, गडहिंग्लज.
त्याच्या माळवदावरनं तेच टिपूस
चित्राला जास्त चिकटून जायचं.
रात्री फोनवर दोघांचे आकडे मांडायचो,
दोन गावांतल्या त्या फरकातनं
उंची काढायचो, किलोमीटरमध्ये,
बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर.

आता काचबिंदूनं त्याला
समोरच्या गल्लीतला दिवासुद्धा कळत नाही.
तरी वेळेला फोन येतो.
मी दुर्बिणीत बघत म्हणतो, "आता."
तिकडं त्याचं घड्याळ टिक्‌ करतं.
"आता."
टिक्‌.
"आता."
मधल्या वेळात आम्ही बोलत नाही.
खाली कुणीतरी बुलेटला किक मारतं,
बायको विचारते, भाकरी टाकू का.

मग पूर्वेला, पृथ्वीच्या सावलीत शिरताना,
ते आधी तांबूस होतं
आणि पुढचं "आता" माझ्या तोंडातच राहतं.

"रेघेला किती?" तो विचारतो.
मी सांगतो.
अंदाजाच्या चार सेकंद आधी.
गेल्या आठवड्यात दीड होतं.

आम्हा दोघांनाही ठाऊक आहे,
जे खाली येतं तेच लवकर येतं.
तिकडं बराच वेळ नुसती रातकिड्यांची किरकिर.

"उद्याचं किती वाजता?"
"सात वाजून बावीस."
"त्यातनं आठ सेकंद वजा कर," दस्तगीर म्हणतो,
"आन्‌ जरा लवकरच वर जाऊन बस."