पुढचं चाक

वेन्सियाला माझी पाठ पाठ आहे.
डाव्या खांद्याखाली वाळलेल्या मिठाचा नकाशा,
मडगावच्या टाइल्सवाल्याचं नाव,
त्यातलं सोलत आलेलं एक अक्षर
आणि चार पिनांनी टोचलेला बेचाळीस नंबर.
मी तिला शर्यतीत फारशी पाहतच नाही.
ऐकते.
साखळीची कुरकुर, घशातली बारीक शिट्टी.
त्यावरून कळतं,
वारं डावीकडून आलं तर किती सरकायचं.

केप्याहून सुटलो तेव्हा हवेत काजूचा मोहोर,
मिताक्षी शिंकतच सुटली,
पहिल्या वळणावर अख्खा घोळका हसला,
दुसऱ्या वळणावर कुणीच नाही.

आम्ही सहाजणी.
एकीनं जिंकायचं, पाचजणींनी दमायचं
हे कुठे लिहिलेलं नसतं.
पहाटे टेम्पोत उंडे वाटताना
कुणाला दोन मिळतात, त्यावरून समजायचं.

बाळ्ळीला मी मागे गाडीपाशी गेले.
सात बाटल्या, जर्सीत पुढून मागून कोंबून
गाभण म्हशीसारखी
पुन्हा वर सरकत आले. बाजू, बाजू.
कुणी वाट देतं, कुणी कोपर देतं.
कोल्हापूरच्या संघातली ती उंच पोरगी
दोन्ही देते, एकाच वेळी.
वाटून उरली ती बाटली माझी. कोमट.

गेल्या वर्षी करमल घाटात
माझे पाय माझे वाटू नयेत इतके हलके होते.
चौथ्या वळणावर मागे पाहिलं तर मागे कुणी नाही,
वेन्सियासुद्धा नाही.
कानात उसगांवकर सर : थांब.
थांबले.
तो शब्द अजून त्या वळणावर असेल,
माकडांनी नेला नसेल तर.

यंदा घाट लागायच्या आधीच, बार्से गावात,
फुस्स.
कुणाचं चाक ते आवाजावरूनच कळलं.
गाडी कुठेतरी मागे, पडलेल्यांच्या गर्दीत.
मी उतरले.
उतरण्याआधी एक क्षण मोजला,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
मग आपलं पुढचं चाक काढलं, तिला बसवलं,
सीटखाली हात लावून ढकललं.
मिताक्षी पुढे, वेन्सिया तिच्या पाठीला.
तिथे आता दुसरी पाठ होती.

तिचं लुळं चाक हातात घेऊन
मी उभी, कलिंगडांच्या ढिगाशेजारी.
विकणाऱ्या बाईनं आधी माझे गुडघे पाहिले.
"पंक्चर गो बाय?"
"हें म्हजें न्हय."
"मागीर तुजें खंय?"
"फुडें गेलें."
तिनं थोडा विचार केला
आणि एक फोड कापून दिली.
पैसे घेतले नाहीत. माझ्याकडे नव्हतेच.

चावडीला वेन्सिया दुसरी आली.
अर्ध्या चाकानं.
मी पोचले तेव्हा कमान उतरवत होते,
यादीत माझ्या नावापुढे नुसती रेघ.
परीक्षकांच्या टेबलावर शेवटचा फोटो :
पांढऱ्या रेषेच्या अलीकडे राहिलेलं चाक,
त्याच्या वॉल्व्हवर लाल टेप.
ती टेप मी लावते,
गर्दीत आपलं चाक ओळखू यावं म्हणून.

बक्षिसाचे सहा वाटे झाले.
सरांनी माझा आधी दिला, न मोजता.
मी मोजून घेतला.

रात्री लॉजवर वेन्सिया चाक घेऊन आली.
धुतलेलं, पुसलेलं.
भिंतीला टेकवून ठेवलं,
दारापर्यंत गेली, थांबली.
"घासत होतं गो ब्रेकला," म्हणाली,
"सगळ्या घाटात."

ती गेल्यावर
मी ते दोन बोटांवर धरलं आणि फिरवलं.
बल्बखाली लाल टेप
येते, जाते, येते.
कुठे वाकडं आहे का
ते समजेना.