हस्तांतराची यादी

सॉल्टरबीच्या नगरमंडळाची शेवटची बैठक.
विषय क्रमांक सात: स्वतःचं विसर्जन.
ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं,
रेडिएटर नेहमीसारखा खाकरला.

लिनेट थ्रॅप इतिवृत्त लिहीत होती.
सव्वीस वर्षांत तिनं लंडनला धाडलेले अर्ज
एकावर एक रचले असते तर समुद्राला बांध झाला असता.
पुलाच्या एका कठड्यासाठी चौपन्न पानं,
त्यात एक प्रश्न: या निधीमुळे
नागरिकांचा अभिमान किती टक्क्यांनी वाढेल?
तिनं बासष्ट लिहिलं, अंदाजानं.
कठडा शेजारच्या गावाला मिळाला.
त्यांनी एकाहत्तर लिहिलं असणार.

आता पत्र होतं: सत्ता तुमच्या दारी येत आहे.
दार चाळीस मैलांवर.

आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळाचे?
बसथांब्याच्या छपराला अकरा वर्षं घेतली,
हिरवं की निळं यावरून
दोन सभासद मरेपर्यंत बोलले नाहीत.
विसर्जनाच्या बाजूनं मीही हात वर केला.

तेव्हा मागच्या बाकावरून नॉर्मन स्केफ उठला,
टोपी हातात चुरगाळत.
"नव्या नकाशात झडपेची किल्ली कुणाकडे?
उधाणाच्या रात्री मी उठवू कुणाला?"
मंत्रालयातून आलेला मुलगा भला होता,
त्याला खरंच मदत करायची होती.
म्हणाला, "त्यासाठी पोर्टल असेल."
नॉर्मननं खिशातून पेन्सिल काढली
आणि स्पेलिंग विचारलं.

लिनेट मध्यरात्रीपर्यंत यादी भरत बसली.
दिव्याचे खांब चारशे बारा.
शौचालयं तीन, पैकी एक बंद.
महापौरांची साखळी, एक कडी गहाळ.
कर्ज.
किल्लीला रकाना नव्हता.
'इतर'मध्ये घालून पाहिली,
तर संगणक विचारू लागला, बाजारभाव?

एक एप्रिलला आम्ही संपलो.
तीन तारखेला अमावास्या, वारा ईशान्येचा.
रात्री दोनला खिडकीतून पाहिलं:
बांधावर दोन टॉर्च, एक उंच धरलेला, एक ठेंगणा.
मी बूट शोधले. कुठल्या अधिकारात जातो आहे
हे जिना उतरेपर्यंत ठरेना.

किल्ली लिनेटच्या कोटात होती.
पाणी पायरीला लागलं होतं.
नॉर्मन म्हणाला, "आलास? बरं झालं."
त्या चाकाला तिघं लागतात.
तेही यादीत लिहायचं राहून गेलं होतं.