उशिराचं आमेन

दारव्ह्याच्या जिनिंगात बाप काट्यावर होता.
कापूस चिमटीत धरून धागा ओढून पाहायचा,
गाडीवाल्याच्या शब्दावर विसंबला नाही कधी.
रविवारी मात्र
पाळकसाहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच
आमेन.

मग एस्तेरचं बाळ गेलं. नऊ दिवसांचं,
बाप्तिस्म्याचं पाणी कपाळाला न लागलेलं.
"आत नाही," साहेब म्हणाले, "कुंपणाबाहेर.
शास्त्रात आहे तसं."
बाभळीखालचा खड्डा बापानंच खणला.

त्या रात्री पुस्तक काढलं त्यानं.
भुवयांवर रुई तशीच,
बोट ओळीखालून सरकतंय, ओठ हलताहेत.
आई म्हणे, "साहेब शिकेल हायेत. तुमी चौथी."
तो पान उलटायचा.
मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा
पुस्तक मिटून एवढंच बोलला,
"मले नाई सापडलं कुठीसा."

देऊळ सोडलं नाही त्यानं.
तोच बाक, खिडकीजवळचा.
साहेब अजूनही त्याच्या गुडघ्यांची चौकशी करतात,
तो हसून सांगतो.
पण आमेन आता
सगळ्यांचं संपल्यावर येतं, एकट्याचं,
काटा थरथरून थांबायला लागतो
तेवढा वेळ घेऊन.

कधी येतच नाही.
मग आई, डोळे मिटलेलेच,
कोपरानं ढोसते त्याला.