भाड्यापोटी

वरच्या खोलीतला मेलरॉय
दोन महिन्यांचं भाडं बुडवून मडगावला गेला, तो गेलाच.
कुलूप तोडलं तर आत एक गादी, काडी मोडलेली छत्री
आणि सील न फोडलेलं खोकं.
'पेल एल,' अक्षतानं वाचलं. 'तेवीस लिटर.
बाबा, बिअर हाय ही. घरात करायची.'
सुलोचना म्हणाली, 'भंगारात घाला.'
मी म्हणालो, 'पाच हजाराचं खोकं हाय ते.'

डब्यातला रस काकवीसारखा,
खरं काकवी कुणी कडुलिंबाखाली उकळली तर जशी होईल तशी.
मोठं पातेलं शिवलीलाक्कांकडून मागून आणलं.
'एनु विशेष?' त्या म्हणाल्या.
'सुताला खळ करायचीय,' मी म्हणालो.
त्यांच्या घरातही चार माग आहेत.
त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पातेल्याकडं.

कागद इंग्रजीत. अक्षता वाचायची
पीयूसीच्या केमिस्ट्रीच्या आवाजात:
अठरा ते बावीस अंश. अंधारात. हलवू नये.
डिसेंबरातली वडगावची मागची खोली
कुणी तरी आधी बघून जाऊन
मग लिहिला असावा कागद.

ईस्टची पुडी वरून भुरभुरली.
दोन दिवस काहीच नाही.
मागांची खडखड, पाच सहावारींची ऑर्डर,
मी विसरलोही.
तिसऱ्या दिवशी अकराला लाईट गेली.
धोटा मध्येच धरून दोन्ही माग थांबले,
मग शेजारचे, मग सगळी गल्लीच,
आणि मागच्या खोलीतून

बुडुक.

सुलोचनानं कांडी भरता भरता मान वर केली.

बुडुक.

'उंदीर?'
'नव्हं. खोकं.'
ती पदर नाकाला लावून आत गेली.
बराच वेळ आली नाही.
'अंबील आंबालीय,' आल्यावर म्हणाली, 'दुसरं काय.
यल्लम्माच्या पुनवेला आईच्या मडक्यात
रात्रभर असंच बोलायचं.
खरं झाकणावर ही नळी कशाला?'
'आतली हवा बाहेर जाती,' अक्षता म्हणाली,
'बाहेरची आत येत नाही.'
'मग माहेरच म्हण की.'

तेव्हापासून लाईट गेली की ती तिथं.
इंचात किती धागे, हे बोटानं सांगणारी बाई
मिनिटाला किती बुडबुडे ते मोजायची.
नऊ.
सात.
शनिवारी चार, आणि त्या दिवशी जेवताना गप्प.

सरकी पेंडीसारख्या हिरव्या गोळ्या टाकल्या,
घरभर ईडलिंबाच्या सालीचा वास.
काचेची कांडी रसात उभी राहून
जो आकडा दाखवायची तो रोज खाली,
मग दोन दिवस एकाच जागी.
मौलासाबच्या भंगारातून बाटल्या आणल्या, पंचवीस जाड, तपकिरी.
तो हसला नाही. एवढंच म्हणाला,
'साखर बेतानं.'

बेतानंच घातली. तरी एका रात्री अडीच वाजता
एक बाटली फुटली.
गल्लीतली कुत्री उठली.
भिंतीपलीकडून शिवलीलाक्का:
'काय ओ, खळ फुटली काय?'

संक्रांतीनंतरच्या रविवारी दारात मेलरॉय.
दाढी वाढलेली, हातात पाकीट. 'दोन महिन्यांचे, अंकल.
पप्पा हॉस्पिटलमध्ये होते. फोन करायचं तोंड नव्हतं.'
मग, जरा थांबून, 'माझा एक बॉक्स होता.'

मी बाटली फोडली. फेस बोटभर, रंग गवती चहाचा.
एक ग्लास शिवलीलाक्कांच्या मालकांना,
पातेल्याच्या भाड्याचा.
मेलरॉयनं डोळे मिटून घोट घेतला,
आणि काही बोलला नाही, ते बरं वाटलं.
सुलोचनानं स्टीलच्या भांड्यात, दाराआड,
घोटभर. 'कडू.'
मग आणि घोटभर.

तेवढ्यात लाईट गेली.
माग थांबले. आम्ही चौघंही थांबलो,
ती मागच्या खोलीकडं कान देऊन.
तिथं काहीच नव्हतं आता,
धुऊन उपडी घातलेली बादली.

तिनं पाकिटातल्या नोटा मोजल्या,
दोन काढून मेलरॉयच्या पुढं सरकवल्या
आणि दिवा लावायला उठली.