लग्नाला वर्षे

आमच्या घरात एवढंच सांगत: इफान गेला.
कुठे, कसा, हे विचारायचं नसतं
हे आम्हाला चमचा धरता यायच्या आधी कळलेलं.
खाणीत गेला, असं आई म्हणायची
आणि चहाचं आधण ठेवायची.
ब्लेनाऊच्या डोंगरात, पाटीच्या दगडाखाली
इतके गेले,
त्यात एक जास्त, कोण मोजतो.

मोजतो ना.
दर दहा वर्षांनी एकजण दार वाजवून मोजतो.

मंगळवारी मी जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जाते,
हीटरजवळची खुर्ची धरते, खानेसुमारी उघडते.
अठराशे एक्क्याण्णव. टेकडीवरच्या ओळीतलं चौदावं घर.
इफान पेन्री, कुटुंबप्रमुख, अठ्ठावीस, दगड चिरतो.
मार्गेद, पत्नी, सव्वीस. कामाचा रकाना रिकामा,
म्हणजे उरलेलं सगळं तिनं करायचं.
लौरी, मुलगी, दोन.
भाषेच्या रकान्यात मायलेकींपुढे वेल्श.
त्याच्यापुढे: दोन्ही.
त्या घरात इंग्रजी येणारा तो एकटाच.
मी असते तर तिथेच ओळखलं असतं.

एकोणीसशे एक.
मार्गेद, कुटुंबप्रमुख, विधवा, बत्तीस.
दहा वर्षांत सहाच वर्षांनी वाढली बाई!
पुढच्या गणतीत एकोणचाळीस.
वयाचं माप तिनं जन्मभर
हात राखूनच घातलं.
धुणं धुते. दोन भाडेकरू, अँगलसीचे.
त्यांचे पायमोजे कोण रफू करतं
ते सरकारनं विचारलेलं नाही.

मग मी समुद्रापलीकडचे कागद पाहिले. सहज.
कुलूप लावल्यावर आपण एकदा ओढून बघतो, तसं.

सन एकोणीसशे. ग्रॅनव्हिल, न्यूयॉर्क राज्य.
पाटीचा दगड तिथेही निघतो, लाल.
इव्हान पेन्री, सदतीस, दगड चिरतो.
आल्याचं साल ब्याण्णव.
पत्नी हॅटी. लग्नाला वर्षे सात.
मुलगी एक, पाच वर्षांची.
कारकुनानं नाव ऐकलं तसं लिहिलंय, वेडंवाकडं,
पण लागतं:
लौरी.

यंत्राचा दिवा बंद करून मी बाहेर जाऊन उभी राहिले.
पाटी कोरी करायला गेला माणूस
आणि पहिलंच अक्षर जुनं गिरवलं.

आई खोटं बोलत नव्हती म्हणा.
गेला, एवढंच म्हणायची.

हॅटीचा पणतू आहे, वेंडेल. त्याचं पत्र आलंय:
आमचा इव्हान कुठला? मागे कुणी होतं का त्याचं?
तीन आठवडे झाले.
चार वेळा लिहायला घेतलं, चारही वेळा
गोष्ट इफानचीच होऊन बसली.
जाणाऱ्याची गोष्ट सोपी असते, तिला जहाज असतं.

अकराचा कागद मी शेवटी काढला.
तो ज्याचा त्यानं भरायचा होता,
म्हणून मार्गेदचं अक्षर पहिल्यांदा पाहिलं:
दोरीवरच्या कपड्यांसारखं,
वाऱ्यानं उडू नये म्हणून एकमेकांना चिमटलेलं.
लौरी, बावीस, शाळेत शिकवते.
स्वतःपुढे, विधवा.
त्याच्या पुढचा रकाना विधवांनी भरायचा नव्हता.
नवरा असलेल्यांसाठी होता तो.
तिनं भरला.
लग्नाला वर्षे: तेवीस.

मी बोटांवर मोजलं, दोनदा.
ब्याण्णवला मेला असता तर चार.
तेवीस म्हणजे
थेट त्या रविवारच्या रात्रीपर्यंत.

जिनं वय कधी खरं सांगितलं नाही
तिनं हा आकडा एकाचाही फरक न करता लिहिला,
आणि गणनेच्या माणसानं लाल शाईनं खोडला.
नियमाला धरून. रेघ जाड आहे.
खालचे दोन आणि तीन तरी दिसतात.

वेंडेलला अजून एक शब्द लिहिलेला नाही.
फक्त त्या कागदाची प्रत मागितली.
काळी-पांढरी चालेल, की रंगीत?
खिडकीतल्या मुलीनं विचारलं.
रंगीत, म्हटलं.